घरची टक्केवारी, आघाडीतली पत

प्रश्न असा आहे: एखाद्या देशात अंतर्गत भ्रष्टाचार बोकाळला असेल तर नाटोसारख्या लष्करी आघाडीत त्याच्या भूमिकेवर नेमका काय परिणाम होतो? त्याला काढून टाकतात का? आणि भारत कुठल्याच आघाडीत नाही, मग नागपुरात बसून आपण याचा विचार का करायचा?

शेवटच्या भागापासून सुरू करतो. इथल्या अंबाझरीला तोफगोळ्यांच्या शेल बॉडी, म्हणजे पोलादी कवचं बनतात. आयुध निर्माणी मंडळ मोडून १ ऑक्टोबर २०२१ पासून ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय इथेच आहे. बाजारगावकडे स्फोटकं भरणारे कारखाने आहेत, सेमिनरी हिल्सला स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आहे, आणि वर्ध्यापलीकडे पुलगावला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे. ‘आय-नोट’ (इन्स्पेक्शन नोट, माल तपासून पास केल्याचा कागद) म्हणजे काय हे या शहरातल्या हजारो घरांना सांगावं लागत नाही. आणि आघाडीतल्या देशाची पत शेवटी त्या आय-नोटवरच्या सहीसारख्या सहीवरच येऊन थांबते, म्हणून हा प्रश्न नागपूरला परका नाही.

आता मधला भाग. काढून टाकत नाहीत. १९४९ च्या उत्तर अटलांटिक करारात १४ कलमं आहेत. सदस्याने स्वतःहून बाहेर कसं पडायचं हे १३ व्या कलमात आहे, पण कोणाला हाकलण्याची तरतूद कुठेच नाही. सालाझारच्या हुकूमशाहीतला पोर्तुगाल संस्थापक सदस्य होता. ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ कर्नलांची राजवट होती, तेव्हाही ग्रीस सदस्यच राहिला. लोकशाही गेल्यावरही जिथे सदस्यत्व टिकतं, तिथे टक्केवारी खाल्ल्याने ते जाईल ही आशा सोडा.

तपासणी होते ती दारात. १९९५ च्या विस्तारविषयक अभ्यासात आणि १९९९ पासूनच्या सदस्यत्व कृती योजनेत उमेदवार देशाकडून कायद्याचं राज्य, सैन्यावर नागरी नियंत्रण, खर्चाची पारदर्शकता असं सगळं मागितलं जातं. आत आल्यावर पकड सुटते. २००७ मध्ये नाटोने संरक्षण क्षेत्रातल्या सचोटीसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला, पण त्याचा मुख्य कागद म्हणजे देशाने स्वतःच स्वतःबद्दल भरायची प्रश्नावली, आणि तीही ऐच्छिक. नॅकची समिती येणार म्हटल्यावर कॉलेजच्या भिंतींना रंग कसा लागतो हे पाहिलेल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको.

म्हणजे सदस्यत्व राहतं आणि पत जाते. ती कशी जाते हे एका गोळ्यावरून बघू.

नाटोत स्टॅनॅग ४१०७ नावाचा प्रमाणीकरण करार आहे. एका सदस्य देशाने दुसऱ्या सदस्य देशातल्या कारखान्याकडून माल घेतला, तर तपासणीला स्वतःचे निरीक्षक पाठवायचे नाहीत, ज्या देशात कारखाना आहे तिथल्या सरकारी निरीक्षकाने ग्राहक देशाच्या वतीने देखरेख करायची, असं त्याचं सार. ग्राहक देश विनंतीपत्र पाठवतो आणि त्यात धोका कुठे आहे ते लिहितो: स्फोटकाच्या भराईत, उष्णतोपचारात की स्फोट घडवणाऱ्या फ्यूजमध्ये. तिथला निरीक्षक त्या त्या टप्प्यावर लक्ष ठेवतो आणि अनुरूपतेच्या दाखल्यावर सही करतो. सही एका देशाची, आणि गोळा डागणारा जवान दुसऱ्या देशाचा. जाहीरनामे, शिखर परिषदा, सामूहिक फोटो आपल्या जागी. रोजची आघाडी चालते ती या देवाणघेवाणीवर.

१५५ मिलिमीटरचा जुना एम-१०७ धाटणीचा गोळा घ्या. वजन साधारण ४३ किलो, त्यात साडेसहा किलोच्या आसपास टीएनटी. पोलादाचा बिलेट, म्हणजे ठोकळा येतो तेव्हा त्यावर हीट नंबर (भट्टीतल्या त्या ओतीचा क्रमांक) असतो, आणि पोलाद कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रातला नंबर त्याच्याशी जुळायला हवा. मग फोर्जिंग, मशीनिंग, उष्णतोपचार, कठीणपणाची चाचणी, भेगांसाठी चुंबकीय तपासणी, तोफेच्या नळीतल्या खाचांत घट्ट बसणारा तांब्याचा ड्रायव्हिंग बँड बसवणं. भराईत टीएनटी सुमारे ८० अंशांवर वितळवून ओततात. ते थंड होताना आकसतं, त्यामुळे वरून भर घालत, सावकाश थंड करावं लागतं. घाई केली की आत पोकळी राहते. बाहेरून काहीच दिसत नाही, ती सापडते फक्त एक्स-रेत. तोफेत बार झाला की गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारपटीहून जास्त त्वरण येतं, पोकळीतली हवा क्षणात दाबली जाऊन तापते, आणि गोळा नळीतच फुटू शकतो. मग तोफही जाते आणि तिच्याभोवतीची माणसंही.

या साखळीत पैसा कुठे शिरतो? पहिली जागा नमुना. लॉटमधले कोणते गोळे चाचणीला जाणार हे निरीक्षकाने, स्वतः, सलग क्रमांकांतून यादृच्छिक निवडायचे असतात. प्रत्यक्षात ‘साहेब, सॅम्पल काढून ठेवलंय’ असं म्हणत ट्रॉली समोर येते. कळमन्यात संत्र्याच्या क्रेटचा वरचा थर बघून भाव करणारा अडत्या कोणी पाहिलाय का? तो हात खाली घालतो. सॅम्पल तयार असलेल्या कारखान्यात हात खाली घालायचा नसतो, एवढ्याचेच पैसे असतात. दुसरी जागा हीट नंबर: नापास हीटमधल्या बॉडीवर पास झालेल्या हीटचा ठसा. तिसरी, एकाच चांगल्या गोळ्याची एक्स-रे फिल्म वेगवेगळे क्रमांक लावून फायलीत फिरवणं. चौथी जागा सगळ्यांत सभ्य दिसते, ती म्हणजे कन्सेशन. मोजमाप थोडं बाहेर गेलंय, पण ‘कार्यात बाधा नाही’ म्हणून सूट. सूट देणं गैर नाही, त्यासाठी अधिकृत पद्धत असते. मात्र मार्च एंडला, उशिराच्या दंडाचा अर्धा टक्का दर आठवड्याला चढत असताना सुटींची संख्या अचानक वाढली, तर ऑडिट करणाऱ्याने आधी तीच फाईल मागवावी.

उलट बाजूची लाचही असते आणि तिची चर्चा कमी होते: चांगला लॉट अडवून ठेवायची. माल बरोबर आहे, पण सही होत नाही. प्रामाणिक पुरवठादार दोनदा सोसतो आणि तिसऱ्या टेंडरला येत नाही. पाचेक वर्षांत बोली लावणारे उरतात ते ‘खर्च’ धरूनच दर भरणारे. असा देश आघाडीत असला की त्याच्याकडे कारखाने असतात, क्षमता कागदावर असते, पण भरवशाचा माल नसतो.

दोष लगेच दिसत नाही हीच यातली खरी अडचण. दारूगोळा डेपोत दहा-पंधरा वर्षं पडून राहतो. ३१ मे २०१६ च्या पुलगावच्या भीषण आगीनंतर रणगाडाविरोधी सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटीची चर्चा झाली. ते प्रकरण भ्रष्टाचाराचं होतं असं मी म्हणत नाही. भराईतला दोष पिकायला वर्षं लागतात, आणि तोवर सही करणारा निवृत्त झालेला असतो, एवढंच त्यातून घ्या.

ग्राहक देशाला शंका आली की काय होतं? निषेधपत्र वगैरे येत नाही. आधी तो देखरेखीचं काम तुमच्या निरीक्षकाकडून काढून स्वतःची माणसं पाठवतो. नमुना तपासणीऐवजी शंभर टक्के तपासणी मागतो, त्यात महिने जातात, किंमत चढते. पुढच्या वेळी ऑर्डरच येत नाही. संयुक्त प्रकल्पात तुमच्या वाट्याला संवेदनशील भाग न येता ब्रॅकेट, बोल्ट आणि पॅकिंगची खोकी येतात. गोपनीय माहितीचंही तसंच. २००८ मध्ये एस्टोनियात संरक्षण मंत्रालयाच्या सुरक्षा विभागाचा माजी प्रमुख हर्मन सिम रशियासाठी हेरगिरी करताना पकडला गेला, त्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. माणूस पैशाला फुटतो असं एकदा दिसलं की कागदपत्रांच्या वितरण यादीतलं तुमचं नाव गाळायला कोणाला ठराव लागत नाही.

मालाइतकंच माणसांचं. रोजगार हमीच्या कामावरचं बोगस मस्टर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: नाव आहे, अंगठा आहे, माणूस नाही. इराकी सैन्यात हेच मोठ्या प्रमाणावर चाललं. शिपाई घरी बसतो, अर्धा पगार अधिकाऱ्याला देतो, किंवा तो मुळातच अस्तित्वात नसतो. जून २०१४ मध्ये मोसुल पडलं, आणि नोव्हेंबरअखेर पंतप्रधान हैदर अल-अबादींनी चार डिव्हिजनमध्ये मिळून ५०,००० बोगस सैनिक सापडल्याचं जाहीर केलं. अफगाणिस्तानबाबत माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी २०२१ मध्ये सांगितलं की कागदावरच्या तीन लाख सैनिक-पोलिसांपैकी बहुतेक नव्हतेच. अमेरिकेने तिथे बायोमेट्रिकवर चालणारी पगारप्रणाली आणली होती. पण बोटाचा ठसा नोंदणीच्या वेळी एकदाच घेतला जायचा, रोजची हजेरी युनिटमधूनच भरली जायची. मस्टर ज्याच्या हातात तोच खाणारा असेल तर यंत्र कितीही महाग घ्या. मित्रदेशाच्या सेनापतीच्या नकाशावर मात्र त्या जागी एक ब्रिगेड दिसत असते, आणि त्या भरवशावर त्याने स्वतःची बाजू उघडी ठेवलेली असते.

याच इराकमध्ये एडीई-६५१ नावाचं ‘बॉम्बशोधक’ उपकरण चेकपोस्टवर वापरलं गेलं: एका हँडलला बसवलेली हलती अँटेना, आत काही नाही. मूळ वस्तू गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं म्हणून विकली जात होती. विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. खरेदीपूर्वी दहा बंद डबे ठेवून, एकात स्फोटक घालून, हाताळणाऱ्याला न सांगता वीस वेळा चाचणी घेतली असती तर खर्च फक्त दुपारच्या चहाचा आला असता.

‘मग संरक्षण खर्चाची टक्केवारी बघा की’ असं कोणी म्हणेल. ते माप फसवं आहे, आणि ग्रीस हे त्याचं उत्तम उदाहरण. जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या नाटोच्या २०२५ पर्यंतच्या कसोटीला ग्रीस वर्षानुवर्षं उत्तीर्ण होत आला. त्याच ग्रीसने २००० मध्ये जर्मनीकडून टाइप २१४ पाणबुड्यांचा करार केला. जर्मनीतल्या कीलला बांधलेली पहिली ‘पापानिकोलिस’ तांत्रिक दोष सांगून ग्रीक नौदलाने २००६ मध्ये नाकारली आणि अखेर २०१० मध्ये घेतली. २०११ मध्ये करारातल्या फेरोश्टाल कंपनीला ग्रीस-पोर्तुगालमधल्या लाचप्रकरणी म्युनिकच्या न्यायालयात सुमारे १४ कोटी युरोंचा दंड झाला. १९९६ ते २००१ संरक्षणमंत्री असलेल्या आकिस त्सोखात्झोपूलोस यांना २०१३ मध्ये शस्त्रखरेदीच्या लाचेचे पैसे फिरवल्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. यातली खोच अशी: लाच उघड झाल्यावर पाणबुडीच्या दोषाचा वाद तांत्रिक उरत नाही. नाकारणारा खरा की स्वीकारणारा विकला गेलेला, हे कोणी ठरवूच शकत नाही. दोन टक्के मात्र दरवर्षी तक्त्यात झळकत राहिले.

हे फक्त गरीब किंवा काठावरच्या देशांचं दुखणं आहे असा समज करून घेऊ नका. नाटोचे महासचिव विली क्लास यांनी २० ऑक्टोबर १९९५ ला राजीनामा दिला तो बेल्जियमच्या १९८८ च्या ४६ ऑगुस्टा हेलिकॉप्टरांच्या खरेदीतल्या लाचेवरून. तेव्हा ते तिथे अर्थव्यवहार मंत्री होते. बोस्नियातली नाटोची बॉम्बफेक संपून जेमतेम महिना झाला होता, तिथल्या शांततेसाठीची डेटनची बोलणी तोंडावर होती, आणि संघटनेचा प्रमुख घरच्या खटल्यात अडकलेला. अमेरिकेचंही तेच. सातव्या आरमारी ताफ्याला बंदरसेवा पुरवणारा लिओनार्ड फ्रान्सिस अधिकाऱ्यांना पार्ट्या, पैसे, बायका पुरवून जहाजांचं वेळापत्रक आधीच मिळवायचा आणि जहाजं त्याच्या सोयीच्या बंदरात, उदाहरणार्थ मलेशियातल्या पोर्ट क्लांगला, वळवायला लावायचा. बिल फुगायचं ते मैलापाणी उपसणं, टगबोटी, इंधन असल्या कोणी न वाचणाऱ्या बाबींत. साडेतीन कोटी डॉलरची फसवणूक, आणि २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा. युद्धनौका कुठे उभी राहणार हे ठेकेदार ठरवत होता, ही गोष्ट मला रकमेपेक्षा मोठी वाटते.

युक्रेनवर थोडं सविस्तर. तो सदस्य नाही, पण आघाडीच्या पैशावर आणि शस्त्रांवर लढतोय, त्यामुळे पत म्हणजे काय ते तिथे उघड दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये सैन्याच्या रसद कंत्राटात अंडं १७ रिव्नियाला लावल्याचं बाहेर आलं, दुकानात ते सातच्या आसपास होतं. यातली क्लृप्ती आपल्याकडच्या आयटम-रेट टेंडरवाल्याला लगेच कळेल. प्रत्येक सैनिकामागे रोजचा दर ठरलेला, यादीत शेकडो जिन्नस. जे भरपूर लागतं त्याचा दर चढवायचा, जे कोणी मागवत नाही त्याचा पाडायचा, एकूण बेरीज सरळ. ज्याला पीडब्ल्यूडीत अनबॅलन्स्ड रेट म्हणतात तेच हे. उपमंत्री लगेच गेला, संरक्षणमंत्री सप्टेंबरमध्ये बदलले. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्याच सुरक्षा सेवेने जाहीर केलं की एक लाख मॉर्टर गोळ्यांसाठी सुमारे १५० कोटी रिव्निया, म्हणजे चारेक कोटी डॉलर, २०२२ मध्ये आगाऊ दिले गेले आणि एकही गोळा आला नाही. त्याच सुमाराला अमेरिकी काँग्रेसमध्ये साठ अब्ज डॉलरची मदत अडकून पडली होती, ती एप्रिलमध्ये सुटली. अडकण्याचं मूळ कारण अमेरिकेचं घरचं राजकारण होतं, हे स्पष्ट सांगतो. पण विरोधकाला भाषणात दाखवायला अंडं मिळालं, आणि पत अशीच घसरते.

इथे एक उलटं गणित ध्यानात घ्या. प्रकरणं बाहेर येणं हे सडल्याचं जितकं लक्षण आहे तितकंच तपासयंत्रणा जिवंत असल्याचंही. २२ जुलै २०२५ ला भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता काढणारा कायदा युक्रेनमध्ये झाला, लोक रस्त्यावर आले, युरोपकडून दबाव आला आणि ३१ जुलैला तो फिरवावा लागला. मित्रदेश बिथरले ते त्या नऊ दिवसांत. अंड्यांच्या वेळी त्यांनी खुलासे मागितले होते, इथे त्यांनी थेट पैशाची भाषा केली.

शंका असली तरी मदत थांबवता येत नाही तेव्हा मित्र वळसा घालतात. डेन्मार्कने २०२४ पासून तेच केलं. युक्रेनने कारखान्याची यादी द्यायची, डॅनिश तज्ज्ञांनी त्या कारखान्याची तांत्रिक आणि आर्थिक तपासणी करायची, मग त्या विशिष्ट कंत्राटासाठी पैसे. पहिल्या खेपेत १८ बोहदाना तोफा मिळाल्या. पद्धत चांगली चालली, माल वेळेत आला. पण स्वतःच्या देशातल्या कारखान्यावर दुसऱ्याच्या सहीशिवाय पैसे न मिळणं ही काय जागा आहे, याचा विचार करा. दुसरा वळसा क्रमांकांचा: जॅव्हेलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रं, अंधारात बघता येणाऱ्या दुर्बिणी अशा वस्तूंची नगनिहाय नोंद ठेवायची असते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी १ अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या वस्तूंची नोंद वेळेत झाली नसल्याचं लिहिलं. चोरीचा पुरावा त्यात नव्हता, पण बातमी तशीच पसरली. लढणाऱ्या सैन्याला खंदकात सिरियल नंबर मोजत बसणं शक्य नसतं, आणि आधीचा इतिहास वाईट असेल तर ते कोणी ऐकून घेत नाही.

आता आपण. भारताच्या अनुभवातून जगाला शिकण्यासारखी गोष्ट लाचेपेक्षा लाचेनंतरच्या उपचाराची आहे. १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला, दोन कीलला, दोन माझगाव गोदीत. दलालीचा आरोप १९८७ मध्ये उठला, पुढच्या पाणबुड्यांचा विचार सोडून दिला गेला. माझगावची दुसरी पाणबुडी ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली आणि त्यानंतरची ‘कलवरी’ थेट डिसेंबर २०१७ मध्ये. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग शिकलेली माणसं मधल्या काळात पांगली. खटला मात्र पुराव्याअभावी बंद झाला. बोफोर्सचंही तसंच: १९८६ मध्ये ४१० तोफा, १,४३७ कोटी रुपये, आणि नंतरच्या परदेशी १५५ मिमी तोफेचा करार, १४५ एम-७७७ चा, नोव्हेंबर २०१६ मध्ये. मधली तीस वर्षं सहीच करायला कोणी धजत नव्हतं. कारगिलमध्ये त्याच बोफोर्सने काम दिलं. २०१२ मध्ये सहा कंपन्या एका दमात दहा वर्षांसाठी काळ्या यादीत गेल्या, त्यांत इस्राएल, सिंगापूर, स्वित्झर्लंड, रशियातल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं यात लाच घेणारा सुटतो आणि तोफखाना उपाशी राहतो. व्यक्ती आणि व्यवहार यांच्यावर कारवाई करून पुरवठा चालू ठेवणं जमलं पाहिजे. त्यासाठी करारातच सचोटीचं कलम, दलालीची वसुली आणि पर्यायी पुरवठादार असावे लागतात.

भारत आघाडीत नाही, पण सहीची देवाणघेवाण आपल्याकडेही सुरू झाली आहे. २०१६ च्या लेमोआ या रसद-कराराने भारत आणि अमेरिकेची जहाजं-विमानं एकमेकांच्या तळांवर इंधन-रसद घेतात आणि हिशेब नंतर होतो, म्हणजे बंदरसेवेचं बिल इथेही आलंच. ऑगस्ट २०२४ मध्ये पुरवठा-सुरक्षेची व्यवस्था झाली, त्यात एकमेकांच्या तातडीच्या ऑर्डरींना प्राधान्य द्यायचं ठरलं. जबलपूरच्या तोफांसाठी ‘जर्मन बनावटीचे’ म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याचा गुन्हा सीबीआयने २०१७ मध्ये नोंदवला होता. रक्कम ५३ लाखांच्या आसपास, कोट्यवधींच्या तोफेपुढे चिल्लर. परदेशी ग्राहक मात्र रक्कम बघत नाही. आवक तपासणीत मूळ देशाचा दाखला उत्पादकाकडून थेट पडताळला होता का, एवढंच तो विचारतो.

तेव्हा कुठल्याही देशाची आघाडीतली खरी जागा बघायची असेल तर शिखर परिषदेतल्या खुर्च्या मोजू नका. त्याच्या गुणवत्ता निरीक्षकाची बदली-बढती उत्पादन करणाऱ्याच्याच हातात आहे का ते बघा. नापास झालेल्या लॉटची आकडेवारी तो संसदेसमोर ठेवतो का ते बघा. शून्य नापास दाखवणारा कारखाना दिसला तर तिथून माल उचलू नका. आणि त्याचे शेजारी त्याच्याकडून गोळे विकत घेताना स्वतःचा माणूस पाठवतात की पाठवत नाहीत, तेवढं शोधून काढा. ते सहसा निविदेच्या तपासणीच्या परिशिष्टात, दोन ओळींत लिहिलेलं असतं.